वावर विकायच्या आधी

डिसेंबरात इंडिगोची विमानं खोळंबली आणि महिनाभरात दोन बाप माझ्या ओसरीवर येऊन गेले. एक मुकुटबनकडचे, एक पाटणकडचे. दोघांजवळ प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि वैमानिक प्रशिक्षणाचं गुळगुळीत माहितीपत्रक. मुकुटबनच्या भाऊंचा मुलगा बारावीला, पाटणच्या भाऊंची मुलगी दहावीला. प्रश्न दोघांचा एकच. "टीव्हीवर सांगून राहिले साहेब, पायलटच भेटत नाही म्हणून. लेकराला टाकून देतो म्हटलं. कर्ज किती भेटन, अन् वावर किती काढा लागन?"

मी बँकेत कर्जखात्यावर नोकरी केली, म्हणून लोक विचारतात. पण या विषयात माझी ओळख दुसरीच आहे. माझ्या भाच्याच्या वैमानिकीच्या कर्जावर जामीनदार म्हणून माझी सही होती. म्हणून त्या दोघांना जे सांगितलं, ते झरी-जामणी तालुक्यातल्या आणि शेजारपाजारच्या सगळ्याच आईबापांसाठी लिहून काढतो.

आधी ती टंचाईची बातमी नीट वाचू. १ नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पुरते लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगची संख्या कमी झाली. तेवढं मनुष्यबळ इंडिगोने आधी जमवलेलं नव्हतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेळापत्रक कोसळलं, हजारो उड्डाणं रद्द झाली. टंचाई खरी होती. पण त्या दिवशी दोनशे तास उडवलेली, कालच परवाना हातात पडलेली पोरं विमानतळावर नेऊन उभी केली असती, तरी एकही विमान हललं नसतं. कमी पडतो तो अनुभवी कॅप्टन. कॅप्टन व्हायला वरचा परवाना लागतो, त्याला किमान १,५०० तास लागतात, आणि कंपन्या बहुधा त्याहून जास्त मागतात. नवशिका बसतो उजव्या खुर्चीत, आणि त्या खुर्चीसाठी रांग मोठी आहे. २०२३ या एका वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. तोवरचा तो उच्चांक होता.

हे आपल्याला नवीन नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक कमी आणि गावात डीएड झालेली पोरं रिकामी, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिलं. भरती जोरात होती तेव्हा गल्लोगल्ली डीएड कॉलेजं निघाली, डोनेशनला एकरं गेली, आणि पोरं बाहेर पडायला लागली तेव्हा भरती आटली. वैमानिकीत तेच होतं, फक्त खर्चाला दोन शून्यं जास्त.

आता या धंद्याचं चाक कसं फिरतं ते पाहा. खासगी कंपन्यांना आभाळ मोकळं झालं ते १९९२-९३ च्या सुमारास. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट, सहारा. यातल्या पहिल्या तीन १९९७ संपेस्तोवर गेल्या. मग २००३ मध्ये एअर डेक्कन, २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो. त्या तीन वर्षांत वैमानिक इतके कमी पडले की परदेशातून आणून बसवले. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, मागून जगाची मंदी आली. ऑक्टोबरात जेटने एकोणीसशे लोकांना घरी पाठवायचं ठरवलं. केबिन क्रूची ती पोरं-पोरी गणवेशातच मुंबईत राज ठाकरेंकडे गेली, आणि दोन-तीन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. ती सगळी नोकरीत होती, म्हणून परत घेतली तरी गेली. जी नोकरीच्या दारात उभी होती, त्यांच्यासाठी कोण भांडणार? २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली. पुढे दिवस सुधारले, आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उतरलं. २५ मार्च २०२० ला देशातली सगळीच प्रवासी विमानं थांबली, ती दोन महिने. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, अकासा सुरू झाली. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट, म्हणजे आधीची गोएअर, बंद पडली. एकाच वर्षात वरात आणि मयत.

असं का होतं, याचं उत्तर आपल्या पऱ्हाटीत आहे. २०२१-२२ च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव ५,७२६ रुपये होता आणि बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी सगळ्यांनी पऱ्हाटीच लावली, कित्येकांनी वेचलेला कापूस घरातच भरून ठेवला, माणसं ओसरीत झोपली अन् कापूस खोलीत. भाव सात-आठ हजारांवर येऊन बसला. विमान कंपन्याही गेल्या वर्षीचा भाव पाहूनच पेरतात. तेजीत मागणी नोंदवलेली विमानं काही वर्षांनी येतात. तेलाचा खर्च मोठा, विमानांचं भाडं डॉलरमध्ये; रुपया घसरला की तिकीट तेवढ्याच दरात विकून खर्च मात्र वाढतो. आणि प्रवासी तर असा, की घरात तंगी आली की पहिलं विमान सोडतो. कंपनीचा पाय घसरला की पहिली थांबते ती नवी भरती.

पण कास्तकाराला एक सोय आहे. पऱ्हाटी फसली तर उपटून हरभरा टाकता येतो, पुढच्या साली सोयाबीन. वैमानिकीचं पीक यायला तीन-चार वर्षं लागतात. बारावीनंतर वैद्यकीय तपासणी, मग हवाई मार्गक्रमण, हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक असे पेपर, रेडिओचा परवाना, मग दोनशे तासांचं उड्डाण. कागदावर ते दीड वर्षात होतं. पाऊस, नादुरुस्त विमानं आणि शिक्षकांची कमतरता धरली की दोन-अडीच. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगच्या ठरावीक विमानासाठी वेगळं प्रशिक्षण, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. मग भरतीची वाट. म्हणजे आज तेजी पाहून घातलेलं पोर बाहेर येईल तेव्हा आभाळ कसं असेल, हे सांगणारा पंचांगवाला अजून जन्मायचा आहे. जी पोरं २००६ मध्ये गेली ती २००९ मध्ये बाहेर आली. २०१७ वाली २०२० मध्ये. आणि २०२० मध्ये, सगळे नको म्हणत असताना, जी गेली ती २०२३ च्या भरतीत बसली. त्यांना काही अक्कल जास्त होती असं नाही.

माझा भाचा २००६ चा. वय एकोणीस, बारावीला गणितात चांगले मार्क, बाप शिक्षक, माय अंगणवाडीत. घरात चार एकर कोरडवाहू. तेव्हा खर्च वीस लाखांच्या आसपास होता. मी कर्ज करून दिलं, जामीनदारही मीच झालो, आणि भावजीला वावर विकू दिलं नाही. खरं सांगायचं तर ते शहाणपण नव्हतं. गिऱ्हाईक मनासारखं आलं नव्हतं. जिथे तो शिकायला गेला तिथे कागदावर सहा विमानं होती आणि धावपट्टीवर दोन. पोरं पहाटे पाचला येऊन पाटीवर नाव लिहायची आणि दुपारी वारा वाढला की परतायची. दोनशे तासांना अडीच वर्षं लागली.

त्याच्या उड्डाणाची नोंदवही मी पाहिली आहे. काळ्या पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबाच्या खतावणीसारखी. तारीख, विमानाचा क्रमांक, कुठून कुठे, किती तास, शिक्षकाची सही. २००९ च्या फेब्रुवारीत एक ओळ, तिच्याखाली लाल शाईत एकूण बेरीज, आणि पुढे कोरी पानं. ती पानं सहा वर्षं जवळजवळ कोरीच राहिली. वही ताईच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली. दिवाळीला आला की काढून बघायचा अन् ठेवून द्यायचा. मधल्या काळात पुण्यात कॉल सेंटर, मग एका विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांना पट्ट्या लावायचं काम. त्यात परवाना जिवंत ठेवायचा तर दरवर्षी वैद्यकीय, अधूनमधून पदरचे पैसे देऊन तास उडवणं, तपासणीचं उड्डाण. रिकाम्या डॉक्टरला डिग्रीला तेल घालावं लागत नाही; रिकाम्या वैमानिकाला लागतं.

२०१५ मध्ये टाइप रेटिंगसाठी आणखी पंधरा लाख काढले, नोकरी लागली. २०२० मध्ये बिनपगारी रजा. आज तो कॅप्टन आहे आणि त्याचा पगार ऐकून माझी पेन्शन तोंड लपवते. म्हणून कोणी म्हणेल, शेवट गोड झाला की. झाला. पण त्याच्याबरोबर शिकलेले, त्याच्याइतकेच हुशार, किती तरी आज दुसऱ्याच धंद्यात आहेत. कोणी विमा विकतो, एकाचं मोबाईलचं दुकान आहे. भाचा तरला, कारण सहा वर्षं भावजीचा पगार हप्ता भरत होता आणि चार एकरांत घरचं खाणं पिकत होतं.

म्हणून मुकुटबनच्या भाऊंना मी एकच गोष्ट सांगितली आणि तीच तुम्हाला सांगतो: तुमचं लेकरू मंदीतच बाहेर येणार, असं धरून हिशेब करा. परवाना हातात पडल्यावर तीन वर्षं नोकरी नाही, असं वहीत लिहा आणि मग बघा घर उभं राहतं का. राहत असेल तर खुशाल पाठवा, मी स्वतः फॉर्म भरून देतो. राहत नसेल तर तेजीची कुठलीच बातमी तुमच्या कामाची नाही.

आकडा मांडूनच दाखवतो. आजचा खर्च परवान्यापर्यंत पन्नास-साठ लाख, टाइप रेटिंग वेगळं. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना एक कोटीच्या घरात आणि पुढेही जातात. साठ लाख कर्ज, व्याज ११ टक्के धरलं, तर नुसतं व्याज महिन्याला ५५ हजार. दहा वर्षांची फेड असेल तर हप्ता ८२ हजारांच्या वर. शिकत असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज काही झोपत नाही. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, आणि शेतजमीन ती सहसा घेत नाही, कारण थकलेलं कर्ज वसूल करायच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. आपल्याकडे वावर सोडून असतं काय? मग माणूस वावर विकायला निघतो किंवा सावकाराकडे जातो. बँक ज्या कर्जाला कचरते त्याला सावकार हसत हसत हो म्हणत असेल, तर त्याची नजर पोराच्या पगारावर नसते, धुऱ्यावर असते. कोलाम, गोंड, परधान बांधवांनी हेही ध्यानात ठेवावं की आदिवासीची जमीन गैरआदिवासीच्या नावे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. 'फक्त एका कागदावर अंगठा द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम करा. उलट, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रमांत व्यावसायिक वैमानिक परवाना आहे. पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन त्यातून आज किती आणि कशासाठी मिळतं ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

पैसा भरायच्या आधी डॉक्टर. हे मी दोनदा लिहिलं तरी थोडं आहे. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून आधी क्लास टू, मग क्लास वन वैद्यकीय. रंगांधळेपण माणसाला स्वतःला कळत नाही. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचता आला नाही म्हणून वैमानिकी सुटलेली पोरं आहेत. ते फी भरण्याआधी कळलं तर हजारांत भागतं, नंतर कळलं तर लाखांत. आपल्या भागात सिकलसेल आहे. आजार असेल तर तिथेच थांबा, नुसते वाहक असाल तरी डॉक्टरला आधी सांगा, लपवू नका.

मग ते माहितीपत्रक. पाटणच्या भाऊंच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, दोनशे तास. आम्ही दोघांनी चष्मे लावून शोधलं, पण टाइप रेटिंगचा खर्च कुठे सापडला नाही. जास्तीचे तास लागले तर दर काय, परीक्षेची फी, राहणं-खाणं, काहीच नाही. नोकरीबद्दल मात्र 'शंभर टक्के साहाय्य' असं लिहिलेलं. साहाय्य म्हणजे हमी नव्हे, हे पीकविमा काढणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

शाळा बघायला जाल तर रविवारी जाऊ नका, त्या दिवशी ती सजलेली असते. मंगळवार-बुधवारी सकाळी जा आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसा. तिथे येणाऱ्या पोरांना विचारा: विमानं किती आणि आज उडण्याजोगी किती? शिक्षक किती? या महिन्यात तुझे किती तास झाले? तू कधी लागलास? त्या चार उत्तरांत सगळं आलं. डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही पाहा. पैसे एकरकमी कधीच देऊ नका. जेवढे तास उडाले तेवढा हप्ता. शाळा बंद पडल्या की आधी भरलेले पैसे परत मागायला कुठल्या दारात जाल? आणि उड्डाण सुरू करायच्या आधी घरी बसून लेखी पेपर काढून टाका. त्याला विमान लागत नाही, आणि पेपर निघत नसतील तर तेही कमी पैशांत कळतं.

सोबत एक साधी पदवी ठेवा. मुक्त विद्यापीठाची का होईना. मंदीच्या वर्षांत माझ्या भाच्याला कॉल सेंटरने घेतलं ते परवान्यावर नाही, बीएस्सीवर.

विदर्भातही आता यात हालचाल आहे. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण आधीपासून चालतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, आणि तिथे एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारायला घेतली. चांगलंच आहे, पोरगं डोळ्यांसमोर राहील. पण दारातल्या जिनिंगमुळे कापसाचा भाव वाढत नसतो.

मी विरोधात आहे असं समजू नका. आपल्या डोक्यावरून हैदराबादची विमानं जातात. रानडुकरांसाठी जागलीला बसल्यावर ते लुकलुकणारे दिवे मीही मोजले आहेत. कोण्या गावच्या पोराला आत बसून खाली बघावंसं वाटलं, तर त्यात चूक काय? आणि पाटणच्या भाऊंचं तर मला कौतुक वाटतं. पोरीसाठी वावर काढायला निघालेला बाप मी बँकेत उभ्या नोकरीत लग्नाशिवाय दुसऱ्या कारणासाठी पाहिला नव्हता. आपल्या देशात वैमानिकांत बायांचं प्रमाण जवळपास १५ टक्के आहे, जगाच्या तिपटीने.

पण त्या मुलीसाठी एक वाट आहे जिला सातबारा लागत नाही. हवाई दल. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. साडेसोळा ते साडेएकोणीस वयात एनडीएची परीक्षा. २०२२ पासून तिथे मुलीही जातात. सगळं प्रशिक्षण सरकारच्या खर्चाने, आणि विमान कंपन्यांची तेजी-मंदी तिथे पोहोचत नाही. दहावीनंतरच त्याची तयारी करून घेणारी शासनाची संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला. पदवीनंतर एएफकॅटची परीक्षाही आहे. नोकरीचा काळ पुरा करून मग प्रवासी विमानांकडे गेलेले कितीतरी आहेत. कोळीकोडच्या २०२० च्या अपघातात गेलेले नागपूरचे कॅप्टन दीपक साठे एनडीए, हवाई दल आणि मग एअर इंडिया याच वाटेने गेलेले. निवड सोपी नाही, अर्ज करणाऱ्यांतले फार थोडेच निघतात. पण हरलं तरी लेकरू अठरा वर्षांचं असतं आणि वावर जागेवर असतं.

मुकुटबनचे भाऊ जरा नाराज होऊनच उठले. पुढच्या आठवड्यात पोराला घेऊन नागपूरला क्लास टू करायला जातो म्हणाले. तेवढं झालं तरी पुष्कळ. पाटणच्या भाऊंनी सातबाऱ्याची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि विचारलं, "नाशिकच्या त्या शाळेचा फॉर्म कधी निघते साहेब?" रविवारी पोरीला घेऊन या म्हटलं, दहावीचं गणिताचं पुस्तक सोबत आणा, सातबारा घरीच ठेवा.